पाय तुझे, पैसे कुणाचे?

पोरी,

काल तू गेल्यावर तुझा चहा तसाच राहिलेला दिसला, वर साय धरलेली. समोर बसून बोललो की मी चिडतो आणि तू मान खाली घालतेस, म्हणून लिहून पाठवतोय.

निर्माता म्हणतो, तुझ्या पायांचा पन्नास लाखांचा विमा उतरवू आणि पोस्टरवर 'पन्नास लाखांचे पाय' छापू. हप्ता तो भरणार, तू शुक्रवारपर्यंत सही करायची. वर तू मला विचारतेस, "काका, तिकडच्या नट्या काढतात ना?" काढतात की. पण पैसे कुणाच्या नावावर येणार, ते कागदावर वाचलंस का? नाही वाचलंस. एवढी साताऱ्याहून लालबागला आलीस, दोन वर्षं नऊवारी सांभाळत नाचलीस, आणि चार ओळी वाचायला वेळ नाही?

हॉलिवूडची नटी बेटी ग्रेबल, तिचे पाय १९४०च्या दशकात दहा लाख डॉलर्सना विम्यात होते. विमा उतरवला तिच्या स्टुडिओने, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने. तिचा पाय मोडला असता तर शूटिंग कुणाचं अडकलं असतं? २००९ साली कोस्टा कॉफीने आपल्या चव घेणाऱ्या माणसाच्या जिभेचा एक कोटी पौंडांचा विमा उतरवला. पुढच्या वर्षी ट्रॉय पोलामालू या अमेरिकन फुटबॉलवाल्याच्या केसांचा दहा लाख डॉलर्सचा. तो उतरवला हेड अँड शोल्डर्सने, म्हणजे ज्यांचा शाम्पू खपायचा होता त्यांनी. बोट कुणाचं, जीभ कुणाची, याला महत्त्व नाही. त्यावर पोट कुणाचं चालतं ते बघ. विमा बोटाचा नसतो, पोटाचा असतो.

असले अचाट विमे लंडनच्या लॉइड्सकडे होतात. ती एक कंपनी नाही, बाजार आहे. एक जण जोखमीचा थोडा वाटा उचलतो, दुसरा थोडा, असं करत भरतं. मुळात एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं कॉफीचं दुकान, तिथे जहाजवाले जमायचे. जहाज बुडेल की पोचेल, यावर सौदा. तिथेच पुढे माणसांचे पाय आले. पण आधी ते पाय तपासून घेतात. हायडी क्लूम नावाची मॉडेल स्वतः सांगते, काचेने झालेल्या जुन्या व्रणामुळे तिच्या एका पायाची किंमत दुसऱ्यापेक्षा कमी लावली. तुझ्या उजव्या गुडघ्यातली गादी झिजलीय, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. तो कागद तू निर्मात्याला दाखवला नाहीस. दाखव! लपवून सही केलीस तर उद्या त्याच कागदावर क्लेम बाद होईल. आणि अपघात विम्यात झीज बसत नाही. स्टेजवरून पडलीस तर अपघात. पाच किलोचे चाळ बांधून रविवारी तीन-तीन शो केल्याने गुडघा गेला, तर त्याला कुणी अपघात म्हणणार नाही. त्यावर इलाज एकच, तिसऱ्या शोला नाही म्हणायचं.

आता माझं ऐक. हे बोट तू पाहिलंयस, कधी विचारलं नाहीस. १९९४, परळ स्टेशन. ठाण्याला शो होता, खांद्यावर ढोलकी. लोकल सुटली, झटका बसला आणि सरकतं दार येऊन उजव्या हाताच्या तर्जनीवर आदळलं. रक्त फार नव्हतं. नख निळं झालं, मग काळं. रुमाल गुंडाळून त्या रात्री वाजवलं. महिन्याभराने बोट वाकेना. माझ्याकडे एक लाखाचा अपघात विमा होता, चाळीतल्याच एका एजंटाकडून घेतलेला. कोष्टकात तर्जनीला दहा टक्के. म्हणजे दहा हजार. तेही बोट तुटून पडलं तर. माझं बोट जागेवर होतं. काउंटरवरच्या माणसाने ते उचलून पाहिलं आणि म्हणाला, "आहे की."

आहे की!

वाचायला हवं होतं, कबूल. पण फॉर्म इंग्रजीत, एजंट शेजारचा, त्याच्या मुलीच्या बारशाला मी वाजवलेलं. कोण वाचतो? आणि मी थांबलो का? उरलेल्या तीन बोटांनी नऊ वर्षं ढोलकी वाजवली, पहिल्या रांगेतल्या माणसालाही कळलं नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनेच. पण त्या नऊ वर्षांत माझी नाईट, म्हणजे एका शोचे पैसे, निम्म्यावर आली, हेही खरं. तेव्हा मला तुटलेल्या बोटाचे पैसे नको होते, न वाजवलेल्या रात्रींचे हवे होते. अपघाताने घरी बसावं लागलं तर आठवड्याला ठरलेली रक्कम देणारं कलम जोडून मिळतं, ते घे. पोटाचा विमा तो. पण त्यासाठी कमाई दाखवावी लागते, आणि तुझी नाईट येते पाकिटात. ती बँकेत भर, दरवर्षी रिटर्न भर. 'कलाकार कागदपत्रांत अडकत नाही' वगैरे मला ऐकवू नकोस. मीच म्हणायचो ते.

आपल्या गिरणगावात गोविंदाचं बघ. २०२५ला सरकारने दीड लाख गोविंदांचा विमा उतरवला. जीव गेला किंवा दोन अवयव गेले तर १० लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर ५ लाख. हप्ता माणशी ७५ रुपये. थर लावणाऱ्याची सोय झाली, चांगलंच झालं. बारा महिने नाचणारीचं कुणाला सुचलं नाही.

म्हणून निर्मात्याला एवढंच विचार, पैसे माझ्या नावावर येणार का. हो म्हणाला तर कर सही, पोस्टर छापू दे. नाही म्हणाला तर तो त्याच्या तिकिटांचा विमा आहे, तुझे पाय नुसते नावाला. आणि बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, वर्षाला २० रुपये. अपघातात एक पाय गेला तर एक लाख, दोन्ही गेले तर दोन. थोडे आहेत, पण तुझे आहेत.

माझी नाईट निम्मी झाली तेव्हा घर कशावर चाललं, ते तू विचारलं नाहीस. तुझी काकू पहाटे चारला उठून डबे करायची. चाळीस डबे, दोनशे पोळ्या. आता तिला लाटणं धरवत नाही, काल चहा दिला तेव्हा दोन्ही हातांनी कप धरला होता, बघितलं असशील. आम्ही विमा काढला होता माझ्या बोटांचा.

तो बँकेचा विमा सत्तरीपर्यंत मिळतो, तिला अजून दोन वर्षं आहेत. फॉर्म आणशील तेव्हा दोन आण.

तुझा,
काका