चिआंग माईला कायमचं जाण्याआधी

निवृत्तीनंतर थायलंडातल्या चिआंग माई शहरात राहायचं का, हे ठरवायला डिसेंबरात पाहणीला जायचं म्हणताय, तो बेत आधी बदला. नोव्हेंबर ते जानेवारी चिआंग माई इतकं छान असतं की कुणालाही तिथंच राहावंसं वाटेल. तुम्ही मार्चमध्ये जा. तेव्हा उत्तर थायलंडात शेतातली धसकटं आणि जंगलं जळत असतात, धुरानं समोरचा दोई सुथेप डोंगर दिसेनासा होतो. वहिनींना दमा आहे, म्हणून अगदी कळकळीनं सांगतोय. त्यांना सोबत न्याच.

हॉटेलात उतरू नका. निम्मन या गजबजलेल्या भागाच्या झगमगाटापासून जरा लांब, महिन्याच्या भाड्यानं खोली घ्या. भाडं ठरवताना विजेचा दर विचारायला विसरू नका. सरकारी दर युनिटला साधारण 4 ते 5 बाट (थाई चलन), पण बरेच घरमालक 7-8 लावतात. एसी चालला की स्वस्त वाटलेली खोली महागात पडते.

शाकाहाराची काळजी नको. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत 'जे' (เจ), म्हणजे शुद्ध शाकाहारी, असं दिसलं की बिनधास्त जेवा. इतरत्र मात्र साध्या भाजीतही फिश सॉस पडतो.

एक सकाळ रुग्णालयासाठी ठेवा. वहिनींच्या औषधांची चिठ्ठी दाखवून तपासणीचा आणि औषधांचा खर्च विचारून या.

पन्नाशीपुढच्यांच्या निवृत्ती व्हिसासाठी थाई बँकेत 8 लाख बाट ठेवावे लागतात, नाहीतर दरमहा 65,000 बाटांचं उत्पन्न दाखवावं लागतं. बँकेतली ती रक्कम अडकलेलीच समजा, घरखर्चात धरू नका. आणि पुण्यातला फ्लॅट एवढ्यात विकू नका, भाड्यानं द्या.