हिरड्यांतील जंतू आणि पोटाची तक्रार

प्रश्न : मी ४२ वर्षांची असून पलूस तालुक्यात राहते. गेली तीन वर्षे आठवड्यातून दोन-तीन दिवस पोटात कळ येते आणि शौचाला जाऊन आल्यावर बरे वाटते. कधी जुलाब होतात, तर कधी कोठा जड होतो. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या करून ‘आयबीएस’ (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्यांच्या कामातील बिघाड) असे निदान केले. ॲसिडिटीची गोळी मी दुकानातून आणून रोज घेते. मला मिश्री लावण्याची सवय आहे व हिरड्यांतून रक्त येते. तोंडातील जंतूंमुळेच हा आजार होतो आणि जंतुनाशक औषधाच्या चुळा भरल्यास तो जातो, असे एका नातेवाइकांनी सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : संबंध असू शकतो; परंतु ‘जंतूंमुळेच’ म्हणण्याइतका पुरावा नाही. आयबीएस असलेल्यांच्या तोंडातील जंतूंचे प्रमाण इतरांपेक्षा वेगळे आढळल्याचे काही छोटे अभ्यास आहेत, पण त्यांवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. लाळेतील क्लेबसिएला जंतू उंदरांच्या आतड्यांत रुजून सूज निर्माण करतात, हे २०१७ मध्ये दिसून आले. मात्र ते संशोधन आतड्याला प्रत्यक्ष सूज येणाऱ्या क्रोन्ससारख्या आजारांच्या संदर्भातील होते. आयबीएस हा वेगळा विकार आहे. त्यात दुर्बिणीतून पाहिल्यास आतडे सहसा निरोगी दिसते. या दोन आजारांची गल्लत झाल्यामुळेच अशा ऐकीव गोष्टी पसरतात.

आपण रोज लाळेबरोबर असंख्य जंतू गिळतो आणि जठरातील आम्ल त्यांतील बहुतेकांना मारते. आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या शौचात तोंडातील जंतू अधिक प्रमाणात सापडतात, हे अभ्यासांत आढळले आहे. म्हणून माझ्या मते, तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न चुळांचा नसून, सल्ल्याशिवाय रोज घेतल्या जाणाऱ्या त्या गोळीचा आहे. ती एकाएकी बंद केल्यास जळजळ उसळते, त्यामुळे तिची खरोखर गरज आहे का आणि ती कशी कमी करावी, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

हिरड्यांचा उपचार हिरड्यांसाठीच करावा. दात साफ करून घ्यावेत, पण त्याने पोट बरे होईल ही अपेक्षा नको. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा महिनोन्‌महिने भरल्यास दातांवर डाग पडतात आणि जिभेची चव बदलते. पोटासाठी इसबगोल पुरेशा पाण्यासह घ्यावे, आणि कांदा, लसूण व गहू यांपैकी काय बाधते हे आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही आठवडे पाहावे. शौचात रक्त, घटते वजन, रक्तक्षय किंवा झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काहीही आढळल्यास मात्र पुन्हा तपासणी आवश्यक आहे.

राहिली मिश्री. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि ‘मिश्री लावल्याशिवाय कोठा साफ होत नाही’ असे आपल्याकडे अनेक स्त्रिया सांगतात, त्यात तथ्यही आहे. कारण निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते. ती सोडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे बद्धकोष्ठ वाढू शकते, हे गृहीत धरूनच ती सोडावी, आणि दंतवैद्यांकडे जाल तेव्हा तोंडात कुठे पांढरा चट्टा नाही ना, हेही पाहून घ्यावे.