व्हीएमवरच्या (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन) सर्व्हरचं घड्याळ मागे पडतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) दर तासाला एनटीपीडेट (घड्याळ एकदा जुळवणारी कमांड) टाकलं तर चालेल का?

नका टाकू. क्रोनी (घड्याळ सतत जुळवत राहणारा प्रोग्राम) बसवा, चार टाइम सर्व्हर द्या. दोन देऊ नका, त्यांचं एकमेकांशी पटलं नाही तर खरा कोण ते कळत नाही.

पण आधी होस्टचं, म्हणजे व्हीएम ज्या खऱ्या मशीनवर चालते त्याचं घड्याळ बघा. ते कुणीच बघत नाही.

आमच्याकडे रात्री सव्वादोननंतरचा एक जॉब अधूनमधून दोनदा चालायचा. शेड्युलर मी लिहिलेला, त्यामुळे टीम लीडनी भर मीटिंगमध्ये निकाल देऊन टाकला: कोडमध्ये बग आहे. मी म्हटलं, गेस्ट टूल्स (व्हीएममध्ये बसवलेले, होस्टशी जोडणारे प्रोग्राम) घड्याळात हात घालत असतील. तर म्हणाले, "टाइम सिंकची टिक काढलेली आहे, विषय संपला."

मग मी तीन रात्री दर सेकंदाला व्हीएमची वेळ आणि शेजारच्या फिजिकल मशीनची वेळ एका फायलीत लिहून घेतली. दोनला बॅकअपचा स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची प्रत) निघाला की व्हीएमचं घड्याळ एकदम सहा मिनिटं पुढे. ती टिक फक्त ठरावीक अंतरानं होणारं सिंक थांबवते. स्नॅपशॉट, सस्पेंड-रिझ्यूम, मायग्रेशन (व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) यांनंतर टूल्स होस्टची वेळ एकदा घेतातच. ते बंद करायच्या ओळी व्हीएमच्या कॉन्फिग फायलीत वेगळ्या असतात. आणि होस्टवर एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची पद्धत) कुणी लावलंच नव्हतं, त्यामुळे तोच सहा मिनिटं पुढे! १२८ मिलिसेकंदांवरचा फरक व्हीएमवरचं एनटीपीडी (एनटीपी चालवणारा प्रोग्राम) लगेच मान्य करत नाही, आमच्यासारख्या जुन्या आवृत्तीत पंधराएक मिनिटं खात्री करून घेतं आणि मग घड्याळ एका झटक्यात मागे ओढतं. म्हणजे तीच सहा मिनिटं दोनदा. मधल्या वेळात कर्बेरॉसचे (नेटवर्कवर ओळख तपासणारी यंत्रणा) लॉगिनही फेल, कारण घड्याळांतल्या फरकाला त्याची सवलत सहसा ५ मिनिटांची. सकाळी सगळं ठीक, त्यामुळे दोष माझ्या कोडचा.

तुमचं मागे पडतंय म्हणजे बहुधा होस्टच मागे आहे किंवा व्हीएम मध्येच पॉज होतेय. बॅकअपच्या आधी आणि नंतर 'क्रोनीसी ट्रॅकिंग' (घड्याळ किती चुकलंय ते दाखवणारी कमांड) चालवून बघा. क्रोनीच्या कॉन्फिगमध्ये बहुतेक ठिकाणी 'मेकस्टेप १ ३' असतं, म्हणजे झटक्यात दुरुस्ती फक्त पहिल्या तीन वेळा. पॉज होणाऱ्या व्हीएमला ३ च्या जागी -१ लागतो. डेटाबेस असेल तर मात्र हे विचार करून करा, वेळ मागे उडी मारू शकते.

आणि हो, साधं क्रॉन घड्याळ असं थोडं मागे गेलं तर तोच जॉब पुन्हा चालवत नाही. माझा शेड्युलर चालवायचा. तेवढं टीम लीडचं बरोबर होतं, पण होस्टवर एनटीपी लावायचं काम त्यांच्याकडे होतं.