चाकणच्या कारखान्यात क्वालिटीत आहे, लिंक्डइनवर कोणी विचारत नाही. प्रोफाइल कसं सुधारू?

तुम्ही लिहिलंय की ऑटो कंपोनंटच्या कारखान्यात सहा वर्षं क्वालिटीत आहात, लिंक्डइनवर पाचशेच्या वर कनेक्शन आहेत, तरी रिक्रूटरचा एक मेसेज येत नाही. तर प्रीमियम घ्यावं का? प्रोफाइल आहे तसंच ठेवणार असाल तर घेऊ नका, पैसे वाया जातील. मी पुणे पट्ट्यातल्या अशाच कंपन्यांसाठी माणसं शोधायचं काम करतो, त्यामुळे पलीकडून काय दिसतं तेवढं सांगू शकतो.

आमच्याकडे लिंक्डइनचंच वेगळं, पैसे मोजून घेतलेलं सर्च असतं. समजा एका कंपनीला सप्लायर क्वालिटीसाठी माणूस हवाय. मी टाकणार 'सप्लायर क्वालिटी' किंवा त्याचंच लघुरूप 'एसक्यूए', त्याच्या जोडीला 'पीपीएपी' (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची पद्धत), त्याच्या जोडीला 'कास्टिंग' किंवा 'मशीनिंग'. ठिकाण पुणे, अनुभव चार ते आठ वर्षं. समोर यादी येते: फोटो, नाव, नावाखालची हेडलाइन, सध्याचं पद, ठिकाण. ज्याच्या प्रोफाइलवर हे शब्दच नाहीत तो कामात कितीही तयार असला तरी त्या यादीत येत नाही. घोडं पेंड खातं ते इथे. कनेक्शन पाचशे असोत नाहीतर पाच हजार.

म्हणून सुरुवात हेडलाइनपासून करा. तिथे तुम्ही काहीच लिहिलं नसेल तर लिंक्डइन आपणहून पद आणि कंपनीचं नाव चिकटवतं, म्हणजे 'सिनियर एक्झिक्युटिव्ह ॲट अमुकतमुक इंडस्ट्रीज'. आता सिनियर एक्झिक्युटिव्ह स्टोअरमध्ये असतो, डिस्पॅचमध्ये असतो, एचआरमध्येही असतो. आणि तुमची कंपनी चाकणबाहेर कोणाला माहीत असेलच असं नाही. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, ती वापरा: 'क्वालिटी इंजिनिअर | ब्रेक पार्ट्सचं सीएनसी मशीनिंग | पीपीएपी, ८डी, एमएसए, सीएमएम | आयएटीएफ १६९४९ इंटर्नल ऑडिटर'. (८डी म्हणजे तक्रारीचं मूळ कारण शोधायची आठ पायऱ्यांची पद्धत, एमएसए म्हणजे मोजमाप भरवशाचं आहे का ते तपासणं, सीएमएम हे मोजमापाचं मशीन, आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं क्वालिटीचं मानक.) अर्थात यातलं जे खरोखर केलंय तेवढंच. 'पॅशनेट', 'डायनॅमिक', 'सीकिंग न्यू ऑपॉर्च्युनिटीज' हे शब्द टाकून आजवर मी एकही माणूस शोधलेला नाही.

या सगळ्या मजकुराची भाषा इंग्रजीच ठेवा. ॲप मराठीत वापरता येतं, पण आम्ही शोधतो ते इंग्रजी शब्दांनी. इंग्रजी साधी असली तरी चालते. इंटरनेटवरून उचललेली भरजरी वाक्यं दोन ओळींत ओळखू येतात.

आता अनुभवाचा भाग. खरा वेळ इथे द्या. क्वालिटीतल्या दहातल्या नऊ प्रोफाइलवर एकच ओळ असते: 'इन-प्रोसेस इन्स्पेक्शन आणि कस्टमर कम्प्लेंट हाताळण्याची जबाबदारी'. ही झाली तुमच्या नेमणूकपत्राची नक्कल. तुम्ही काय केलंत ते त्यात कुठे आहे? त्याच कामाबद्दल असं लिहिलेलं बघा: 'बोअर अंडरसाइज येत असल्याच्या कस्टमर तक्रारीवर ८डी केलं. इन्सर्टची झीज हे कारण निघालं. किती नगांनंतर इन्सर्ट बदलायचा ते ठरवलं, लाइनवर एअर गेज आणला, पीएफएमईए आणि कंट्रोल प्लॅन सुधारला. पुढचे सहा महिने ती तक्रार परत आली नाही.' (म्हणजे भोक मापापेक्षा लहान येत होतं, कारण कापणाऱ्या हत्याराचं टोक, म्हणजे इन्सर्ट, झिजत होतं; पीएफएमईए म्हणजे प्रक्रियेत कुठे काय चुकू शकतं त्याची नोंद.) हे वाचून क्वालिटी हेडला कळतं की हा गडी नुसता माल सॉर्टिंगला लावून मोकळा होत नाही, कारणापर्यंत जातो. मुलाखतीतला पहिला प्रश्नही याच ओळीवर येतो, आणि त्याचं उत्तर तुम्हाला झोपेतही देता येईल. सहा वर्षांत अशी तीन-चार कामं तुम्ही नक्की केली असतील. ती आठवायला जुने ८डी रिपोर्ट चाळा, मात्र तिथून काही उचलून प्रोफाइलवर लावू नका. कस्टमरचं ड्रॉइंग, पार्ट नंबर, लाइनचा फोटो, कस्टमरच्या नावासकट पीपीएमचे (दहा लाखांत किती नग खराब) आकडे, यातलं काहीही नको. नोकरी शोधताना असलेलीच जायची.

आकड्यांबद्दल एक. 'रिजेक्शन ५० टक्क्यांनी कमी केलं' असं लिहिलंत की समोरचा विचारणारच: कितीवरून कितीवर, कोणत्या लाइनवर, मोजलं कसं? तिथे त-त-प-प झालं तर बाकीचं खरं लिहिलेलंही खोटं वाटू लागतं. ठाम सांगता येत नसेल तर आकडा टाकूच नका.

अबाउटमध्ये २,६०० अक्षरं लिहिता येतात म्हणून सगळी भरायची नसतात. कोणी उघडलं नाही तर वरच्या दोन-चार ओळीच दिसतात, तेव्हा नमनाला घडाभर तेल नको. तुमचा कारखाना काय बनवतो, त्यात तुम्ही काय बघता, पुढे कशात जायचंय, एवढं पुरे. कंपनी नावाजलेली नसेल तर ती टियर-१ (थेट गाडीच्या कंपनीला माल देणारी) आहे की टियर-२ (टियर-१ला माल देणारी), हेही इथेच सांगा.

स्किल्स शंभरपर्यंत जोडता येतात. 'टीमवर्क' आणि 'एमएस ऑफिस' काढा, एसपीसी (आकडेवारीने प्रक्रियेवर लक्ष ठेवणं) आणि जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या मापा-आकाराच्या मर्यादांची भाषा) घाला. फोटो खिडकीच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर काढा. लग्नातला, शेजाऱ्याचा खांदा कापलेला नको. प्रोफाइलच्या लिंकमध्ये नावापुढे आकड्यांची शेपटी असेल तर सेटिंगमधून काढा आणि ती लिंक सीव्हीवर टाका.

रेकमेंडेशन बाजूच्या टेबलावरच्या मित्राकडून घेऊ नका. तू माझं लिही, मी तुझं लिहितो, हा मामला तारखांवरून लगेच दिसतो. आधीचे साहेब किंवा कस्टमरच्या बाजूचे क्वालिटीवाले यांना विचारा, आणि कोणत्या कामाबद्दल लिहायचं तेही सांगा: 'सर, गेल्या वर्षीच्या ऑडिटची तयारी आपण केली होती, त्याबद्दल दोन ओळी लिहाल का?' एवढं सोपं करून दिलं की माणसं लिहितात.

हे सगळं बदलण्याआधी व्हिजिबिलिटीच्या सेटिंगमध्ये जाऊन बदलांची खबर नेटवर्कला जाणं बंद करा. नाहीतर रात्री तुम्ही पद दुरुस्त कराल आणि सकाळी तुमचेच मॅनेजर अभिनंदन करतील.

'ओपन टू वर्क', म्हणजे नोकरी शोधतोय असं सांगणारी खूण, लावावी का, असंही विचारलंय. हिरवी चौकट सगळ्यांना दिसते, नोकरी चालू असताना ती नको. दुसरा पर्याय फक्त रिक्रूटरना दिसण्याचा; तो लावा, त्यात हवी ती पाच पदं टाका. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरना ते दिसू नये अशी काळजी लिंक्डइन घेतं, पण हमी देत नाही. शिवाय चाकण-भोसरीत एचआर आणि कन्सल्टंट एकमेकांना नावाने ओळखतात, हे धरून चाला.

एक कळकळीचं. नोकरीच्या पोस्टखाली 'इंटरेस्टेड सर' लिहिणं सोडा. दोनशे 'इंटरेस्टेड' आम्ही वाचत नाही हो. त्यापेक्षा पोस्ट टाकणाऱ्याला कनेक्शनची विनंती पाठवताना छोटा निरोप जोडा: 'आपली एसक्यूएची पोस्ट पाहिली. मशीनिंगमध्ये सहा वर्षं, पीपीएपी स्वतः करतो, नोटीस दोन महिने. सीव्ही पाठवू का?' मोफत खात्यातून असे निरोप महिन्याला मोजकेच पाठवता येतात, म्हणून जिथे खरंच जमेल तिथेच वापरा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका; नोकरी हवीय तर तसं सरळ म्हणा. आणि कोणी ऑफर लेटरसाठी, ट्रेनिंगसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी पैसे मागितले तर तो रिक्रूटर नाही, ठग आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

राहिलं एक. तुमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच कंपन्या अजूनही आधी नोकरी डॉट कॉमवर शोधतात आणि लिंक्डइनवर नंतर येऊन माणूस ताडून बघतात. तिथे 'अलीकडे कोण सक्रिय होतं' अशी चाळणी आम्हाला लावता येते, त्यामुळे तिथलं खातं वर्षभर धूळ खात पडलं असेल तर आजच लॉगिन करून सीव्ही बदला. दोन्हीकडची पदं आणि तारखा जुळतायत ना, तेही बघा. नाही जुळल्या तर आम्ही फोन करून विचारत बसत नाही, यादीतल्या पुढच्या नावाकडे जातो.