पोरगा म्हणतो रॉकेट लाँचर डिझाइन करायचेत

धायरीच्या एका ताईंनी लिहिलंय की मुलगा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मित्र सगळे कोडिंगच्या मागे आणि हा म्हणतो मला इन्फंट्रीच्या जवानांसाठी खांद्यावरून फायर करायची शस्त्रं बनवायचीत, तर याला समजवायचं कसं?

ताई, समजवू नका हो. पुण्यात राहून असं म्हणणं काही वेडेपणा नाही. पाषाणला एआरडीई, म्हणजे डीआरडीओची (संरक्षण संशोधन संस्थेची) शस्त्रं डिझाइन करणारी लॅब, १९५८ ला सुरू झालेली; सुतारवाडीला एचईएमआरएल, म्हणजे स्फोटकांवर काम करणारी लॅब, खडकीला दारूगोळ्याची फॅक्टरी, आणि गिरीनगरचं डीआयएटी, म्हणजे संरक्षण तंत्रज्ञान शिकवणारं विद्यापीठ, तर तुमच्याच बाजूला.

फक्त त्याला एवढं विचारा की तुला धडाका आवडतो का ते बनवणं आवडतं? कारण रोजचं काम म्हणजे ग्रॅम वाचवणं. कार्ल गुस्ताफ ही खांद्यावरून डागायची लाँचर बघा, आपल्या आर्मीत कितीतरी वर्षं आहे, नळी ८४ मिमीची, जुनं मॉडेल साधारण १४ किलोचं, मग १० च्या आसपास, आणि नवीन एम४ सातच्या आत. टायटॅनियम आणि कार्बन फायबरची कमाल आहे सगळी. म्हणजे त्याने मटेरियल्स, कंपोझिट आणि एफईए (कॉम्प्युटरवर भागाची ताकद तपासणं) मन लावून करावं.

दुसरी गोष्ट ट्रेनिंगची, आणि माझ्या मते खरी संधी इथेच आहे पण पोरं तिकडे बघतच नाहीत. अशा लाँचरमध्ये धक्का बसू नये म्हणून गॅस मागे सोडतात, त्यामुळे मागे कोणी उभं राहू शकत नाही आणि आवाज व दाब इतका की रोज हवे तेवढे राउंड जवानाला मारता येत नाहीत, वर राउंड महाग. म्हणून नळीत छोट्या व्यासाची नळी बसवून ७.६२ मिमीची गोळी मारतात, किंवा मग स्क्रीनसमोर सिम्युलेटर. हैदराबादची झेन टेक्नॉलॉजीज असलेच सिम्युलेटर बनवते. आता या सरावाच्या साधनांत वजन आणि बॅलन्स खऱ्यासारखा नसला तर जवान चुकीचीच सवय घेऊन रेंजवर जाणार, म्हणजे मेकॅनिकलवाला हवाच, सोबत सेन्सर आणि थोडं कोडिंग पण (मित्रांचे क्लास वाया जात नाहीत बघा).

रस्ता म्हणाल तर गेट, म्हणजे इंजिनिअरांची देशपातळीवरची परीक्षा. चांगल्या स्कोअरवर डीआरडीओत सायंटिस्ट बी या पदासाठी अर्ज करता येतो, पुढे मुलाखत असते, एमटेक करायचं तर डीआयएटी आहेच. गेट नाहीच जमलं तर चाकण-भोसरीत डिफेन्सचे पार्ट करणारे बरेच आहेत, तिथे हात तयार होतो.

पण एका लाँचरच्या ट्रायल्समध्ये वर्षं जातात, आणि ऑफिसात काय केलं हे तुम्हालाही सांगता येणार नाही, हे त्याला आधी पटू दे. आणि घरी गच्चीवर स्फोटक दारूचे प्रयोग अजिबात नाही, पोलीस केस झाली तर नोकरीच्या वेळी पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये अडकेल.

इंटर्नशिपला लॅबमध्ये कॉलेजच्या पत्राशिवाय उभं करत नाहीत, तेव्हा शेवटच्या वर्षाची वाट न बघता त्याला आत्ताच कॉलेजच्या टीपीओच्या (प्लेसमेंट अधिकाऱ्याच्या) मागे लागायला सांगा.