आधी लिहून घ्या

प्रिय मित्रा,

बँड सोडू की राहू, असं तू विचारतोस. ते बाजूला ठेव. मला खटकलं ते तू घाईत लिहून गेलास ते वाक्य: गाण्याखाली दोघांचीच नावं आली, पण आम्ही चौघं भावांसारखे, म्हणून कुणी काही बोललं नाही. अरे, सख्खे भाऊसुद्धा वाटणीपत्र करतात! आधी लिहून घ्या. सोडणं-राहणं नंतर.

द स्मिथ्स बघ. १९८२ मध्ये मँचेस्टरला जमलेला बँड, १९८७ मध्ये संपला. शब्द मॉरिसीचे, चाली जॉनी मारच्या, त्यावर वाद नव्हता. वाद होता रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या पैशांचा. ते दोघं ४०-४० टक्के घेत, बास गिटारवरचा अँडी रूर्क आणि ड्रमर माइक जॉयस १०-१०. जॉयस कोर्टात गेला. १९९६ मध्ये निकाल लागला: वेगळं काही ठरल्याचं सिद्ध होत नाही, तेव्हा ब्रिटनच्या १८९० च्या भागीदारी कायद्याप्रमाणे सगळे समान. जॉयसला २५ टक्के मिळाले. रूर्कने मात्र १९८९ मध्येच तडजोड केली होती, तो १० टक्क्यांवरच राहिला. बँड तोच, वाजवणं तेवढंच! सुरुवातीला एक पान लिहिलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

आणि नीट समजून घे, शब्द-चालीचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. तुमचं गाणं तुझ्या बासलाइनवर उभं आहे, हे ऐकणाऱ्याला कळतं. पण तेवढ्याने गाण्याखाली तुझं नाव आपोआप लागत नाही. ठरवावं लागतं. लिहावं लागतं. किती वेळा सांगू?

आमच्या बँडमध्ये हा विषय मीच काढला होता. तेव्हा मला मुनीमजी म्हणून चिडवलं, आणि थोड्याच दिवसांत आमचा गिटारवाला सरावाला यायचा थांबला. आजही काहीजण म्हणतात, तुझ्या कागदाने बँड मोडला. साफ खोटं. ज्याला वाटा लिहून द्यायचा नव्हता त्याने मोडला. त्या गिटारवाल्यासोबत पुन्हा वाजवता आलं नाही याची हळहळ आहे, तसा हात मला परत ऐकायला मिळाला नाही. पण कागद मागितल्याची नाही. आज असतो तर पहिल्याच सरावाला मागितला असता.

याउलट आर.ई.एम. हा अमेरिकन बँड बघ. ते आपल्या गाण्यांखाली चौघांची नावं घालत, कुणाला काय सुचलं ते न बघता. त्यांचा ड्रमर १९९७ मध्ये बाहेर पडला, तरी बँड २०११ पर्यंत चालला. तू म्हणशील, स्वभावाने चांगली माणसं. असतील. पण भांडायला मुळात विषयच ठेवला नव्हता, हे का विसरतोस?

तर पुढच्या सरावाला वाद्यं बाहेर काढायच्या आधी एक पान घेऊन बसा. शब्द-चालीत कुणाचा किती वाटा, रेकॉर्डिंगचे पैसे कसे, मानधन कसं, आणि बँड फुटला तर नाव कुणाकडे. हा शेवटचा मुद्दा सगळे टाळतात, तो आधी घ्या. खाली चौघांच्या सह्या. कोण हसण्यावारी नेतो ते बघ, मग तुझा पहिला प्रश्न मला विचारायची गरज पडणार नाही.

पान झालं की फोटो पाठव. नवं रेकॉर्डिंगही पाठव, मागच्या वेळी दुसऱ्या कडव्यात गिटारने तुझा बास पार गिळला होता.

तुझा,
जुना बासवाला