वाचकांचे प्रश्न : प्रायोजित रील्स आणि कायदा

समाजमाध्यमांवरील जाहिरातींविषयी कोल्हापूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते आणि घरगुती स्वयंपाकाच्या रील्स करते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या रीलनंतर फॉलोअर्स बरेच वाढले आणि आता एक मसाला उत्पादक पैसे देऊन माझ्याकडून जाहिरात करून घेऊ इच्छितो. शारजाला राहणाऱ्या माझ्या नणंदेचे म्हणणे असे की, तिकडे या कामाला सरकारी परवाना लागतो. इथल्या एका एजंटानेही ‘इन्फ्लुएन्सर लायसन्स’ काढून देण्यासाठी १२,००० रुपये मागितले आहेत. असा परवाना खरोखर लागतो का?

उत्तर : त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. समाजमाध्यमांवर जाहिरात करण्यासाठी व्यक्तीने काढावयाचा असा कोणताही सर्वसाधारण परवाना भारतात नाही. तो देणारे सरकारी कार्यालयच नसल्यामुळे एजंट जो कागद आणून देईल, त्याला कायद्याच्या दृष्टीने काहीही किंमत असणार नाही.

आपल्या नणंदेने सांगितलेली गोष्ट मात्र खरी आहे आणि ती त्या देशापुरती आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या मीडिया कौन्सिलने जुलै २०२५ मध्ये ‘अ‍ॅडव्हर्टायझर परमिट’ जाहीर केले. मोबदला मिळो वा न मिळो, दुसऱ्याच्या वस्तूची वा सेवेची जाहिरात समाजमाध्यमांवर करणाऱ्याला ते घ्यावे लागते. स्वतःच्याच व्यवसायाची जाहिरात करणाऱ्याला त्यातून सूट आहे. बाहेरून गेलेल्या पाहुण्यांसाठी तीन महिन्यांचे वेगळे परमिट असून ते तिथल्या अधिकृत एजन्सीमार्फत मिळते. म्हणजे नणंदेकडे गेल्यावर तिथल्या एखाद्या हॉटेलसाठी रील करण्याचा विचार असेल, तर आधी चौकशी करावी लागेल. कोल्हापुरातल्या आपल्या स्वयंपाकघराला तो नियम लागू होत नाही.

परवाना नाही म्हणून आपल्यावर बंधनही नाही, असा अर्थ मात्र कृपया काढू नका. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांमध्ये हीच गल्लत दिसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाबरोबरच वस्तूची शिफारस करणाऱ्या व्यक्तीलाही जबाबदार धरलेले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा व्यक्तीला १० लाख रुपयांपर्यंत आणि चूक पुन्हा घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. शिवाय एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा तसेच घडल्यास तीन वर्षांपर्यंत, कोणत्याही वस्तूची शिफारस करण्यास मनाई करण्याचा अधिकारही प्राधिकरणाला आहे.

याच कायद्याने आपल्याला बचावाचा मार्गही दिला आहे आणि तो आपण आजपासूनच तयार ठेवावा, असे मला मनापासून वाटते. जाहिरातीतील दाव्यांची खातरजमा करण्यासाठी योग्य ती काळजी घेतली होती, हे दाखवता आले, तर शिफारस करणाऱ्यावर दंड बसत नाही. म्हणून होकार देण्यापूर्वी मसाल्याच्या पाकिटावरील एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) १४ अंकी क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. ‘कृत्रिम रंग नाही’ असे आपल्या तोंडून वदवून घ्यायचे असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल लेखी मागवा आणि तो उत्पादकाशी झालेल्या संवादासह जपून ठेवा. आणि मसाला प्रत्यक्ष वापरल्याशिवाय त्याच्या चवीबद्दल बोलू नका. जून २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस ही खऱ्या मतावर आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली असली पाहिजे. अहवाल मागितल्यावर उत्पादक चिडला, तर ते काम सोडून देणेच बरे.

कराविषयी थोडक्यात सांगतो : ही रक्कम आपले उत्पन्न आहे आणि ती विवरणपत्रात दाखवावी लागते. जीएसटी नोंदणीचा प्रश्न सर्वसाधारणपणे वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यावर येतो.

प्रश्न : मी कॉलेजमध्ये शिकते आणि कपडे-दागिन्यांच्या रील्स करते. एका दुकानदाराने मला कोल्हापुरी चपलांचे तीन जोड मोफत पाठवले. पैसे घेतलेले नाहीत, त्यामुळे ही जाहिरात ठरत नाही, असे मैत्रिणी म्हणतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर नाही. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत पैशांप्रमाणेच मोफत वस्तू, सवलत, भेट, सहल, हॉटेलातील मुक्काम, इतकेच नव्हे तर कौटुंबिक किंवा नोकरीचे नातेही जाहीर करण्याजोगा संबंध मानले आहे. चुलत्यांच्या दुकानाची स्तुती करतानाही ते आपले चुलते आहेत, हे सांगावे लागते.

कसे सांगायचे, हेही ठरलेले आहे. व्हिडिओमध्ये ते बोलूनही सांगावे आणि पडद्यावर लिहूनही दाखवावे. केवळ खालच्या वर्णनात टाकणे पुरेसे नाही. छायाचित्र असेल, तर त्या चित्रावरच ठळक लिहावे. लाइव्ह करताना तो मजकूर सतत दिसत राहिला पाहिजे. हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी दडवलेला शब्द चालत नाही, आणि जाहिरात ज्या भाषेत असेल त्याच भाषेत ही माहिती द्यावी लागते. आपण मराठीत बोलता, तेव्हा ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असे स्वच्छ लिहा आणि ‘या चपला मला दुकानाने मोफत दिल्या आहेत’ हे सुरुवातीलाच सांगून टाका. आपल्या रील्स पाहणाऱ्या मुली आपल्या मतावर विसंबून स्वतःच्या पैशांनी खरेदी करतात. त्या मतामागे काय आहे, हे जाणण्याचा त्यांचा हक्क आहे.

चपलांबाबत आणखी एक काळजी घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांपुरते आहे. रेक्झिनची, यंत्रावर काढलेली चप्पल ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून दाखवली, तर ग्राहकाची दिशाभूल होतेच. शिवाय कातडे कमावून हाताने चप्पल शिवणाऱ्या कारागिराच्या पोटावरही पाय येतो. जोड कुठे आणि कशाचा बनला, हे दुकानदाराला विचारून मगच ‘अस्सल’ म्हणा.

तीन जोडांमुळे कर कापला जाण्याची शक्यता कमी आहे. एकाच व्यावसायिकाकडून वर्षभरात मिळालेल्या वस्तूंची किंमत २०,००० रुपयांच्या पुढे गेली, तर १० टक्के करकपातीची तरतूद लागू होते. वापरून परत केलेली वस्तू त्यात धरली जात नाही.

प्रश्न : कागलहून लिहितो आहे. माझे पेज तरुणांमध्ये लोकप्रिय आहे. एका ॲपवाल्यांनी पैसे लावून खेळायच्या गेमची जाहिरात देऊ केली आहे आणि दुसरे एक जण शेअरच्या टिप्स देण्याचे मानधन देतात. घ्यावे का?

उत्तर : दोन्ही घेऊ नका. २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. ‘जाहिरात’ असा शब्द टाकल्याने यातून सुटका होत नाही, कारण इथे जाहिरातीलाच बंदी आहे.

शेअरच्या बाबतीत मात्र नोंदणी खरोखरच लागते. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याने सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून, तर शेअर घेण्या-विकण्याच्या शिफारशी करणाऱ्याने संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी केलेली असावी लागते, आणि त्यासाठी पात्रता व परीक्षा आहेत. आपल्या पेजवरची मुले पहिल्या पगारातले पैसे त्या टिप्सवर लावतील, याचा विचार करा.

प्रश्न : एका रिसॉर्टसाठी पन्हाळ्यावर रील करायची आहे. ड्रोनही वापरणार आहोत. परवानगी लागेल का?

उत्तर : लागेल. पन्हाळगड हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असून २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांतील एक किल्ला म्हणून त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. पर्यटक म्हणून फोटो काढणे वेगळे आणि रिसॉर्टच्या पैशांनी जाहिरातीचे चित्रीकरण करणे वेगळे. अशा जाहिरातीच्या चित्रीकरणासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पूर्वपरवानगी घ्यावी. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा जड असेल आणि व्यावसायिक कामासाठी उडवायचा असेल, तर ड्रोन नियम, २०२१ नुसार चालकाकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र हवे. गडावर ड्रोन उडवायचा आहे, हे पुरातत्त्व सर्वेक्षणाकडील अर्जातच स्वतंत्रपणे नमूद करा आणि रिसॉर्टकडून आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी ती परवानगी हातात पडू द्या.